दर नंतर पाडा, आधी बिल पास करा

प्रति,
चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, शेंद्रा, सातपूर आणि अंबड येथील मोठ्या कारखान्यांचे खरेदीप्रमुख
प्रत : त्याच कारखान्यांचे वित्तप्रमुख (निम्मे पत्र खरे तर त्यांनाच आहे)

स.न.वि.वि.

आर्थिक वर्ष बदलले की आपल्याकडून एक ठरलेला मेल येतो. नव्या वर्षासाठी दरात ३ टक्के कपात अपेक्षित आहे, होकार आठ दिवसांत कळवावा. कुठे ३ असते, कुठे ५, मजकूर तोच. हे पत्र त्या मेलचे उत्तर समजावे.

आम्ही दर वाढवून मागत नाही. दर खाली येऊ शकतो हेच आमचे म्हणणे आहे, पण आपण जिथे दाबता तिथून तो येत नाही. आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये काही रुपये असे असतात की जे पोलादाचे नसतात, मशीनचे नसतात आणि आमच्या खिशातही जात नाहीत. ते आपल्या गेटवर दीड दिवस उभ्या राहिलेल्या टेम्पोचे असतात, ऑगस्टपर्यंत न सुधारलेल्या पीओचे (खरेदी ऑर्डरचे) असतात, ९० दिवस अडकलेल्या बिलाचे असतात. घासाघीस करून ते निघत नाहीत, कारण ते तयारच आपल्याकडे होतात.

हिशोबच मांडतो. ईएन-८ पोलादाचा एक साधा बुश (आत दांडा बसणारी नळी) घ्या. बाहेरचा व्यास ३८ मिमी, लांबी ६० मिमी, आतले बोअर (भोक) २० एच-७, म्हणजे काटेकोर मापाचे २० मिमी, एक ऑइल होल, वर ब्लॅकोडायझिंग (गंज रोखणारा काळा थर). ४० मिमीच्या बारमधून कटिंग-फेसिंगसह ६५ मिमी तुकडा लागतो. त्याचे वजन ६४१ ग्रॅम. तयार बुश भरतो ३८६ ग्रॅम. बार ७२ रुपये किलो धरला तर माल ४६.१५ रुपयांचा. २५५ ग्रॅम टर्निंग (कापलेला चुरा) निघते, त्यातले ९५ टक्के हाती लागते, ते ३० रुपये किलोने विकले तर ७.२६ परत. निव्वळ माल ३८.८९.

सीएनसीवर (संगणकी लेथवर) दोन सेटअप मिळून १६५ सेकंद. मशीनचा तासाचा दर ४०० आणि कार्यक्षमता ८५ टक्के, म्हणजे २१.५७. ऑइल होल व्हीएमसीवर (उभ्या मशीनिंग सेंटरवर) ६० सेकंद, तासाला ५०० ने ९.८०. ब्लॅकोडायझिंग २.५०, बर काढणे, तपासणी, रस्ट ऑइल आणि पॅकिंग ३ रुपये, वाहतूक १.५०. सरळ खर्चच ७७.२६ झाला. त्यावर माल सोडून बाकीच्या रकमेवर १५ टक्के ओव्हरहेड आणि नफा, म्हणजे ५.७६. मालात अडकलेल्या पैशाचे ५८ पैसे, रिजेक्शनचे ७७ पैसे. दर झाला ८४.३७; ८४.४० धरू. बारचा भाव आणि मशीनचा तासाचा दर वर्कशॉपगणिक बदलेल, पण मांडणी सगळीकडे हीच असते. आपल्या कॉस्टिंग विभागाच्या शीटमध्येही हेच रकाने आहेत.

आता त्या मेलमधले ३ टक्के यावर लावा. २ रुपये ५३ पैसे गेले. पण ३८.८९ रुपयांचा माल पोलाद कारखान्याच्या भावाने येतो, तिथे आमचा हात पोचत नाही. म्हणजे उरलेल्या साडेपंचेचाळीस रुपयांतून कपात करायची, आणि तिथे ती साडेपाच टक्के होते. सलग तीन वर्षे केली की दर ७७.०३ वर येतो. वरचा सरळ खर्च ७७.२६ होता. तीन वर्षांत वीज आणि मजुरी एक पैशाने वाढली नाही असे मानले तरी तिसऱ्या वर्षी आम्ही तो बुश तोट्यात देतो. मग पुरवठादार काय करतो हे आपण जाणता : एका इन्सर्टवर (कापणाऱ्या टोकावर) दीडशेऐवजी अडीचशे नग काढतो, मिलच्या बारऐवजी रीरोलिंगचा बार आणतो, अनुभवी ऑपरेटर सोडून नवा मुलगा उभा करतो. मग आपला क्वालिटी विभाग त्याला ८-डी (दोष का आला याचा आठ टप्प्यांचा अहवाल) लिहायला लावतो. त्या ८-डीत मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ लिहिले जाते. तीन टक्क्यांचा मेल त्यात कुणी लिहीत नाही.

कपात मागायचीच असेल तर ती रूपांतरणाच्या खर्चावर मागा. मालाचा भाग वेगळा काढा आणि तो तिमाही भावाशी बांधा. बऱ्याच कंपन्या हे कागदावर करतात. प्रत्यक्षात मेल मात्र पूर्ण दरावर येतो.

मग कमी करण्यासारखे पैसे आहेत कुठे?

पहिली जागा म्हणजे आपले आरएफक्यू (कोटेशन मागवणारे पत्र). त्यात वार्षिक गरज ३६,००० लिहिलेली असते, म्हणजे महिना ३,०००. प्रत्यक्ष शेड्यूल येते ५०० चे, तेही महिन्यातून दोनदा बदलून. वरच्या बुशला दोन्ही सेटअप लावायला तीन तास जातात, म्हणजे १,२०० रुपये. ३,००० नगांवर ते ४० पैसे पडतात, ५०० नगांवर २ रुपये ४० पैसे. पूर्ण २ रुपयांचा फरक, आणि तो कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही. जुना पुरवठादार हे ओळखून असतो, म्हणून ३६,००० वाचले की मनात १२,००० धरतो आणि त्या हिशोबाने दर भरतो. नवा असतो तो ३६,००० वर भरतो, ऑर्डर मिळवतो आणि सहा महिन्यांनी रडत येतो. एखाद्या प्रकल्पाची मार्केटिंगने दिलेली आशा आणि तुमच्या पीपीसीने (उत्पादन नियोजन विभागाने) धरलेला आकडा हे दोन्ही आरएफक्यूत लिहा. दोन बॅच साइझचे दोन दर मागा. एका ओळीने काम होते.

त्याच आरएफक्यूत आणखी काय राहते तेही सांगतो : ड्रॉइंगची चालू रिव्हिजन (सी वर कोटेशन, ई वर पीओ, हे नित्याचे), पॅकिंग कोणते (कार्टन, की परत येणारी बिन, आणि बिन कुणाची), गेज (माप तपासायचे साधन) कुणाचे, पीपीएपी (नवा भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रे) कुठल्या लेव्हलचे. ठरलेल्या मापाचे गेज बनवायला पैसे आणि तीन-चार आठवडे लागतात. ते पीओनंतर सांगितले की पहिली सॅम्पल उशिरा जातात आणि उशीर पुरवठादाराच्या नावावर चढतो.

रिव्हर्स ऑक्शनबद्दल (दर खाली नेत जाणाऱ्या ऑनलाइन लिलावाबद्दल) थोडे स्पष्ट बोलायला हवे. सुरुवातीचा दर गेल्या पीओपेक्षा खाली ठेवायचा, पडद्यावर फक्त स्वतःची रँक दाखवायची, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की आणखी पाच मिनिटे वाढवायची. हातमोजे, कॉटन वेस्ट, कोरुगेटेड बॉक्स, ठरलेल्या मार्गावरची ट्रक वाहतूक यांना ही पद्धत शोभते. तिथे माल कुणाचाही सारखाच असतो आणि पुरवठादार बदलायला दोन दिवस पुरतात. टूलिंग लागणाऱ्या, पीपीएपी लागणाऱ्या, हीट ट्रीटमेंटच्या भागांना ती लावली की आपण ऑपरेशन नव्हे, घाई विकत घेता. रात्री नऊ वाजता चौथ्या मुदतवाढीत लावलेली बोली कुठल्याही कॉस्टिंग शीटवर बसत नाही. आणि एल-१ ला (सर्वांत कमी बोलीवाल्याला) सगळे काम न देता ६०-४० वाटायचे असेल, तर ते ऑक्शनच्या आधी सांगा. शंभर टक्के व्हॉल्यूम धरून लावलेला दर चाळीस टक्क्यांना परवडत नाही, हे गणित वर सेटअपच्या हिशोबात आलेच आहे.

पीओ. रेट सेटलमेंट एप्रिलपासून लागू असे बैठकीत ठरते. मिनिट्स निघतात. पीओची अमेंडमेंट (दुरुस्ती) सिस्टिममध्ये येते ऑगस्टमध्ये. मधल्या चार महिन्यांची बिले जुन्या दराने, मग सप्लिमेंटरी इन्व्हॉइस, मग प्रत्येक जीआरएनला (माल मिळाल्याच्या नोंदीला) ती जुळवायची. पोलाद उतरले असेल तर मात्र फरकाचा डेबिट त्याच महिन्याच्या पेमेंटमधून कापला जातो. चढले असेल तर ‘अप्रूव्हलला आहे’. दोन्ही दिशांना एकच घड्याळ ठेवा, एवढेच मागणे आहे : ज्या महिन्यात चढ लागू, त्याच महिन्यात उतारही लागू, आणि अमेंडमेंटला ३० दिवस.

पीओतल्या बारीक चुका मोठ्या असतात. एकक ‘नग’ऐवजी ‘किलो’ पडले, एचएसएन (मालाचा जीएसटी संकेतांक) चुकला, चाकणच्या प्लांटऐवजी दुसऱ्या राज्यातल्या प्लांटचा जीएसटी क्रमांक आला, तर बिल सिस्टिम घेतच नाही. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना एककाचा त्रास सगळ्यांत जास्त. कास्टिंगचा दर किलोवर, ऑर्डर नगावर. ड्रॉइंगवर ४.२ किलो, पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) झिजला की प्रत्यक्षात ४.३५. जास्तीच्या दीडशे ग्रॅम लोखंडाचे पैसे कुणी द्यायचे? पॅटर्न कंपनीचा, दुरुस्तीची मंजुरी कंपनीची, वजन मात्र फाउंड्रीचे! पॅटर्नचे आयुष्य किती साच्यांचे आणि वजनातला चढ-उतार किती टक्क्यांपर्यंत मान्य, या दोन गोष्टी पीओत लिहिल्या तर हा वाद उरत नाही.

आता गेट. माल आत येतो, सिक्युरिटी चलनावर शिक्का मारते, गेट एन्ट्रीचा नंबर पडतो. इथपासून जीआरएन व्हायला काही ठिकाणी दोन तास लागतात, काही ठिकाणी सहा दिवस. शनिवारी दुपारी आलेला माल सोमवारी, महिनाअखेरीचा माल स्टॉक टेकिंगमुळे पुढच्या महिन्यात. पेमेंटचे दिवस जीआरएनपासून मोजले जातात, म्हणून हा उशीर पूर्णपणे पुरवठादाराच्या खात्यात. काही ठिकाणी तर जीआरएन नव्हे, बिल बुकिंगपासून मोजतात. आणि बुकिंग होते थ्री-वे मॅचिंगनंतर, म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल या तिघांचे नग, दर आणि कर जुळले की. पाच हजारांच्या लॉटमध्ये तीन नग कमी मोजले गेले तरी पूर्ण बिल अडकते. खरे तर ४,९९७ चे बिल पास करून तीन नगांचा वाद वेगळा ठेवता येतो. आपल्या सिस्टिममध्ये ही सोय बहुधा आहेच. ती बंद ठेवलेली असते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, तरी बैठकीत तो कुणी उच्चारत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६. कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर त्यातल्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. स्वीकारल्याचा दिवस कोणता, हेही कायद्यानेच सांगितले आहे : माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला तोच दिवस. म्हणजे घड्याळ गेटच्या शिक्क्यापासून चालू होते, जीआरएनचा त्याच्याशी संबंध नाही. पीओवर ‘९० दिवस’ छापले आणि आम्ही त्यावर सही केली, तरी ४५ च्या पुढचे दिवस त्या सहीने कायदेशीर होत नाहीत. उशिरावर कलम १६ चे व्याज आहे : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. हे व्याज कलम २३ मुळे करातून वजाही मिळत नाही.

मग आम्ही फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे) का जात नाही? जातो, पण ग्राहक सुटल्यावर. चालू ग्राहकाविरुद्ध अर्ज टाकला की पुढचे शेड्यूल शून्य येते. कुणी कारण सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. त्यामुळे हा कायदा मेलेल्या धंद्याच्या वसुलीला उपयोगी पडतो, जिवंत धंद्याला फारसा नाही.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या ४३-ब कलमात भर घातली आणि १ एप्रिल २०२४ पासून परिस्थिती थोडी बदलली. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे मुदतीबाहेरचे देणे वर्षअखेर थकले असेल, तर त्या खर्चाची वजावट पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. परिणाम? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैशांचा पाऊस, आणि एप्रिलपासून परत ९० दिवस. कारण वर्षाच्या आत उशीर झाला तरी ३१ मार्चपर्यंत पैसे दिले की वजावट शाबूत राहते. आपल्या कर सल्लागाराने अचूक सल्ला दिला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण काही ठिकाणी पुरवठादाराला ‘उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु असल्याची सरकारी नोंद) रद्द करता का’ असे फोनवरून विचारले गेले. ते विचारणे थांबवा.

या उशिराची किंमत बुशवर बघू. ८४.४० वर १८ टक्के जीएसटी लावला की ९९.५९. हा कर आम्ही पुढच्या महिन्यात २० तारखेच्या आसपास भरतो, आपले पैसे आलेले असोत वा नसोत. बँकेची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी धरली तर ९० दिवसांचे व्याज २.९५ रुपये, ४५ दिवसांचे १.४७. म्हणजे वरचे ४५ दिवस आम्हाला १ रुपया ४७ पैशांना पडतात. हेच पैसे आपण ९ टक्क्यांनी उचलले असते तर १ रुपया १० पैसे लागले असते. स्वस्त कर्ज आपल्याला मिळते, उधारी मात्र महाग कर्जवाल्याने द्यायची, आणि तो फरक पुन्हा आपल्याच दरात येऊन बसतो. सेटअपचे २ रुपये आणि उशिराचे १.४७ मिळवले की ३.४७ होतात. मेलमध्ये मागितले होते २.५३.

यावर एक तयार साधन आहे. ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या मंचांवर, आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट अशांवर, बिल चढवायचे, खरेदीदाराने मान्य करायचे, बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला साधारण एक-दोन दिवसांत पैसे मिळतात. मुदतीच्या दिवशी रक्कम खरेदीदाराच्या खात्यातून जाते. खरेदीदार चुकला तरी बँक पुरवठादाराकडे परत येत नाही. महत्त्वाचे म्हणजे व्याज ठरते ते खरेदीदाराच्या पतीवर, आमच्या नव्हे. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती केली आहे. पण नोंदणी म्हणजे वापर नाही. चढवलेले बिल मान्य करायला आपल्याकडचा माणूस दहा दिवस लावतो, कारण मान्य केले की तारीख पक्की होते आणि मग ढकलता येत नाही. जीआरएन झाला की बिल आपणच मंचावर चढवायचे आणि ४५ दिवसांपर्यंतचे व्याज कुणी सोसायचे ते दरात उघडपणे ठरवायचे, हा सरळ मार्ग आहे. आम्ही त्या बदल्यात दर कमी करून देऊ. किती, ते वरच्या आकड्यांवरून काढता येते.

रिजेक्शनकडे वळतो, कारण पैसे जितके इथे बुडतात तितके क्वचितच कुठे. पुन्हा तोच बुश, बोअर २० एच-७ : २०.००० ते २०.०२१. सगळी मिळून २१ मायक्रॉनची जागा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असतात. टेम्पोतून तसाच उतरलेला नग २० अंशांच्या स्टँडर्ड रूममधल्या मास्टरवर शून्य केलेल्या गेजने लगेच मोजला, तर पोलाद २० मिमीला सुमारे ४ मायक्रॉन फुगलेले असते. ज्या बोअरचे खरे माप २०.०१८ आहे ते २०.०२२ दिसते. लॉट बाद. तोच लॉट संध्याकाळपर्यंत खोलीत ठेवून मोजला की पास. आमच्याकडे याची उलटी चूक होते : गरम नग, गरम गेज, आकडा बरोबर, पण गेजचे कॅलिब्रेशन वर्षभर झालेले नसते. दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीची शीट हवी : मोजण्यापूर्वी नग किती तास ठेवायचा, कुठल्या खोलीत, बोअर किती आत मोजायचे (तोंडाशी, मध्ये, शेवटी), आणि वाद झाला तर तिसरे माप कुठल्या एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे मानायचे.

बाद झालेला माल परत द्या. ‘स्क्रॅप केला, डेबिट पाठवला’ हे चालत नाही. नग बघितल्याशिवाय चूक आमच्या चकची (नग धरणाऱ्या पकडीची) की आपल्या प्रेस-फिटची (दाबून बसवण्याची) हे कळणार कसे? लाइनवर पुरवठादारांचे नग मिसळतात, म्हणून नगावर ओळखीची खूण मारायचे आपणच सांगितले आहे. मग डेबिट करताना ती खूण बघा. कास्टिंगमधला ब्लोहोल (हवेची पोकळी) मशीनिंगनंतर दिसतो. त्यात फाउंड्रीने कास्टिंगचे पैसे सोडावेत हे मान्य, पण मशीनिंगचा खर्च कुणी सोसायचा हे टक्केवारीने आधी ठरले पाहिजे. एका विशिष्ट टक्क्यापर्यंत कास्टिंगपुरते, त्यापुढे मशीनिंगसह, असा करार जिथे आहे तिथे भांडणे होत नाहीत.

आणि डेबिट नोट. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कर कमी करणारी क्रेडिट नोट पुरवठादाराने काढायची असते. आपली डेबिट नोट हा हिशोबाचा कागद. तिने आमचा कर कमी होत नाही. आपण नगाची किंमत अधिक जीएसटी कापता, कळवता दोन महिन्यांनी, कधी मार्चचे नोव्हेंबर उलटल्यावर. क्रेडिट नोटमधून कर कमी करायची मुदत नोव्हेंबरअखेर संपते; डेबिट त्यानंतर कळला तर १८ टक्के थेट आमच्या खिशातून गेले, आणि सरकारकडे ते जमाच आहेत. हा कुणाचाच फायदा नाही. डेबिट काढण्यापूर्वी सात दिवसांची नोटीस, आणि त्याच महिन्यात क्रेडिट नोट, एवढ्याने हा प्रश्न मिटतो.

सेवांच्या खरेदीत घोळ वेगळा. मेंटेनन्स, हाउसकीपिंग, लोडिंगचे कंत्राटदार पगार ७ तारखेपर्यंत देतात. पीएफ आणि ईएसआयचे चलन भरायची तारीख १५. जूनच्या बिलाला जूनचेच चलन जोडा, ही आपली अट; म्हणजे बिल १५ जुलैच्या आधी आत घेतलेच जात नाही. त्यानंतर इंजिनिअर सर्व्हिस एन्ट्री (काम झाल्याची नोंद) करतो, तोवर महिना संपतो. जूनच्या बिलाला मे महिन्याचे चलन आणि जूनचे मस्टर पुरेसे माना; मुख्य नियोक्ता म्हणून आपली काळजीही त्याने राहते, कारण एक महिना मागचे चलन आपल्या हातात असतेच. एएमसीबद्दल (वार्षिक देखभाल कराराबद्दल) एकच : ‘चार तासांत हजर’ लिहिताना चार तास फोनपासून की मेलपासून, आणि सुटे भाग त्यात आहेत की नाहीत, हे पहिल्या पानावर लिहा.

आमच्या बाजूचेही कबूल केले पाहिजे. आत शिरायला पाडून दर भरायचा आणि सहा महिन्यांनी वाढ मागायची, हे आमच्यातले बरेच जण करतात. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स वेगवेगळ्या हीटच्या (भट्टीच्या ओतणीच्या) मालाला जोडली जाते. जीएसटी विवरण उशिरा भरले की आपले क्रेडिट अडकते, आणि मग आपण पेमेंट थांबवले तर चूक आपली नसते (फक्त कराइतकेच थांबवा, पूर्ण बिल नको). उद्यम क्रमांक बिलावर न छापता ४५ दिवसांचा हक्क सांगणारेही आहेत. आणि निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना हा हक्क लागू होत नाही, हे त्यांनीही समजून घ्यावे.

आपल्याला खर्च खरोखर कमी करायचा असेल तर सगळ्यांत मोठी जागा ड्रॉइंगवर आहे. वरच्या बुशला बाहेरच्या व्यासावर ०.०२ रनआउट (फिरवताना डोलण्याची मर्यादा) दिलेला असतो. जोडणीत तो व्यास सैल भोकात बसतो. ०.०५ चालला तर दुसऱ्या सेटअपची सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) मशीनिंगची कटकट जाते. ६० ऐवजी ५९ मिमी लांबी चालते का, ब्लॅकोडायझिंगची गरज खरोखर आहे का (बुश तेलातच बुडालेला असतो), हे विचारायला आपल्या डिझाइनवाल्यांपर्यंत आमची पोच नाही. अशी सूचना दिली की दोन वर्षे ‘डिझाइनकडे आहे’ हे उत्तर. महिन्यातून एक दिवस डिझाइन, खरेदी आणि पुरवठादार एका टेबलावर बसवा, बचत निम्मी-निम्मी वाटायचे लेखी ठेवा. त्या टेबलावर निघालेले पैसे पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा ३ टक्क्यांच्या मेलने मागू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी सूचना घेऊन कुणी येणार नाही.

एक काम लगेच करता येईल. आपल्या सिस्टिममधून गेल्या तिमाहीची सूक्ष्म-लघु पुरवठादारांची कुठलीही पन्नास बिले काढा. प्रत्येकासमोर चार तारखा लिहा : गेटचा शिक्का, जीआरएन, बिल बुकिंग, पेमेंट. पाचव्या रकान्यात पहिल्या आणि चौथ्या तारखेतले दिवस. ती शीट घेऊन पुढच्या रेट मीटिंगला या. आम्ही बुशचे कॉस्टिंग घेऊन येतो, मशीनच्या तासाच्या दरासह, काही झाकून न ठेवता.

आपले,
सुटे भाग, कास्टिंग, जॉबवर्क आणि सेवा पुरवणारे लघुउद्योजक